उन्हाळ्याचे दिवस आणि मराठी ख्रिस्ती मंडळीचे तरुणांमधील कार्य

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वसलेल्या गणेशपुरीस, आणि तिच्या शेजारच्या अकलोली-वज्रेश्वरीस, उष्णोदकाची कुंडे आहेत. कोकणात अशा झऱ्यास 'उन्हाळे' म्हणतात. राजापूरचे उन्हाळे तर प्रसिद्धच आहे. ऋतू तो उन्हाळा आणि झरा ते उन्हाळे, ही दोन्ही नावे संस्कृत 'उष्ण' शब्दापासून निघालेल्या 'उन्ह' ह्या एकाच शब्दाची अपत्ये होत. गणेशपुरी आज ओळखली जाते ती १९६१ साली तेथे समाधिस्थ झालेल्या स्वामी नित्यानंदांमुळे. परंतु ह्या खोऱ्याचा जुना लोकोत्सव म्हणजे वज्रेश्वरीची जत्रा, आणि ती भरते चैत्राच्या अखेरीस. नदीचे पात्र आटलेले, कातळ तापलेला, झाडांची सावलीदेखील विरळ झालेली, अशा वेळी ठाणे-पालघर भागांतून माणसे तेथे लोटतात. बाहेरून येणाऱ्यास ही गोष्ट विपरीत वाटावी. शेतकऱ्यास ती विपरीत वाटत नाही. रबीचे पीक घरात आलेले असते, पेरणीस अवकाश असतो, वाटा कोरड्या असतात. जे काही माणसे जमवून करावयाचे ते ह्याच दोन महिन्यांत उरकावे लागते. लग्ने, जत्रा, तमाशाचे फड, पंचायती, कुळाचार, सारे चैत्र-वैशाखात.

मराठी प्रदेशातील ख्रिस्ती मंडळीने उन्हाळ्याचा आपल्या तरुण पिढीसाठी काय उपयोग करून घेतला, ह्या प्रश्नाचा विचार ह्या ऋतुचर्येपासूनच सुरू केला पाहिजे. एरवी हा विषय 'मे महिन्याच्या सुटीतील शिबिरे' एवढ्यापुरता राहतो, आणि मग तो केवळ विसाव्या शतकाचा व केवळ परदेशातून आलेला भासतो. वस्तुस्थिती तशी नाही.

वज्रेश्वरीचे देऊळ ज्या विजयाच्या नवसफेडीसाठी चिमाजी आप्पांनी बांधले असे परंपरा सांगते, तो वसईचा विजयही उन्हाळ्याच्या अखेरचा, म्हणजे मे १७३९ मधला. तुंगारेश्वराच्या डोंगराच्या एका अंगास हे देऊळ आणि दुसऱ्या अंगास वसईची ख्रिस्ती वस्ती, अशी ही भूमी आहे. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. दोनशे वर्षांनी ती सत्ता गेली, तिच्याबरोबर परदेशी धर्मगुरूही बव्हंशी गेले, आणि तेथील ख्रिस्ती समाज पुढे दीर्घकाळ एतद्देशीय धर्मगुरूंच्या आधारे राहिला. राजाश्रय नाही, शाळा नाहीत, छापलेली पुस्तके दुर्मिळ, अशा काळात त्या समाजातील मुलांना धर्म कोणी शिकविला? ह्याचे एक उत्तर ऋतूत सापडते. ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ माघ-फाल्गुनापासून चैत्रापर्यंत, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. फ्रान्सिस्कु व्हाज द गिमरांइश ह्याचे येशूच्या दुःखभोगावरील पुराण १६५९ साली लिस्बन येथे छापले गेले. ते उत्तर कोकणातील ख्रिस्ती घरांतून उपवासकाळात गायिले जात असे आणि एकोणिसाव्या शतकातही त्याचे गायन चालू होते. त्याची भाषा ग्रंथी नाही. उत्तर कोकणच्या बोलीत पोर्तुगीज शब्द मिसळून झालेली ती भाषा आहे, आणि म्हणूनच ती घरात बसून, म्हाताऱ्याच्या मागोमाग, अक्षरओळख नसलेल्या पोरास म्हणता येत असे.

ह्याच्या आधीचे आणि वाङ्मयदृष्ट्या फार मोठे असे पुराण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'क्रिस्तपुराण'. स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचा हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. त्याची उत्पत्ती धर्मशिक्षणाच्या वर्गातच झाली, ही गोष्ट मराठी वाङ्मयेतिहासात पुरेशा आग्रहाने सांगितली जात नाही. ग्रंथारंभीच तो प्रसंग आहे. देवळात मुलांना ख्रिस्ती सिद्धान्त शिकविण्याचे काम चालले असता साष्टीतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूस विचारतो, की आमची जुनी पुराणे गेली, त्यांच्या जागी आम्ही वाचावे तरी काय? ह्या वर्गास पोर्तुगीजात 'दोत्रिना' म्हणत. कोकणीत त्याचे 'दोतोर्न' झाले आणि ते आजही जिवंत आहे. प्रश्नोत्तरे पाठ करविल्याने सिद्धान्त डोक्यात जातो, परंतु रिकामा वेळ भरून निघत नाही, हे त्या ब्राह्मणाने अचूक ओळखले होते. रिकाम्या वेळेस कथा लागते, आणि कथेस छंद लागतो. उन्हाळ्याच्या दिवसांत तरुणांपुढे काय ठेवावे, ह्या प्रश्नास चारशे वर्षांपूर्वी मिळालेले हे उत्तर पुढे अनेकांनी विसरून पुन्हा नव्याने शोधून काढले.

उपवासकाळ संपला की मे महिन्यात मारियेची भक्ती येई. मुंबई, साष्टी, वसई ह्या पट्ट्यात वाडीवाडीच्या क्रुसापाशी संध्याकाळी जमून प्रार्थना म्हणण्याची, लदीन गाण्याची रूढी ह्याच महिन्यात बहरे. ३ मे हा पवित्र क्रुसाच्या शोधाचा सण होता. १९६० च्या सुधारणेत रोमन पंचांगातून तो वगळला गेला, तरी वाड्यांतील क्रूस काही वगळले गेले नाहीत. ह्या प्रार्थनांना धर्मगुरूची उपस्थिती अनिवार्य नसे. वाडीतील एखादा गळ्याचा माणूस आणि त्याच्याभोवती जमलेली पोरे एवढ्यावर काम भागे. ह्यास कोणी 'तरुणांमधील कार्य' असे नाव दिले नाही; पण काम तेच होते.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशने आली आणि त्यांच्याबरोबर निराळे ऋतुमान आले. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. १८३१ साली अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे त्यांचे ठाणे झाले. ह्या मंडळींचे वर्ष तीन भागांत पडे. थंडीत तंबू घेऊन खेडोपाडी दौरे, पावसाळ्यात शाळा व लेखन, आणि कडक उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी प्रस्थान. महाबळेश्वरचे आरोग्यस्थान १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कम ह्यांनी वसविले आणि लवकरच अमेरिकन मिशनचे ॲलन ग्रेव्ह्ज हे प्रकृतीच्या कारणाने तेथे राहू लागले. १८४३ साली ते तेथेच वारले. प्रस्थानामागे ऐषआरामाची बुद्धी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. अमेरिकन मिशनच्या पहिल्या तुकडीतील गॉर्डन हॉल हे १८२६ मध्ये मार्चच्या उन्हात, नाशिककडील दौऱ्यावरून परतत असता, पटकीने रस्त्यातच मरण पावले होते. असे अनुभव विसरले जात नाहीत.

तथापि ह्याचा एक परिणाम असा झाला, की ज्या दोन महिन्यांत मराठी माणूस मोकळा असतो व जमतो, त्याच दोन महिन्यांत मिशनरी त्याच्यात नसे. पुढे विसाव्या शतकात नव्या मिशनऱ्यांना मराठी शिकविण्याचे वर्गही उन्हाळ्यात महाबळेश्वरी भरत. भाषा शिकणारा डोंगरावर आणि भाषा बोलणारा खाली जत्रेत, असा हा योग होता. खालच्या गावातील मंडळीचा कारभार त्या काळात मराठी पाळक, उपदेशक आणि बायबलबाया ह्यांच्यावर पडे. हे दुर्लक्ष म्हणावयाचे की संधी? बहुधा दोन्ही. अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची जी परंपरा कृष्णराव सांगळे ह्यांच्यासारख्यांनी घातली आणि पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी जी नावारूपास आणली, तिचे स्वरूप पाहिले तर ती बंगल्याच्या व्हरांड्यातली नसून रात्रीच्या मोकळ्या पटांगणातली आहे, हे सहज ध्यानात येते. टाळ, मृदंग, पूर्वरंग, आख्यान, हे सारे उघड्यावरचे साहित्य आहे. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी पुढे जी भजने व अभंग रचले ते मुलांच्या तोंडी बसले. कारण ती चाल मुलांच्या कानात आधीच होती.

ह्या पार्श्वभूमीवर लोणावळ्याच्या छावणी-सभांचे महत्त्व कळते. बोरघाटातून लोहमार्ग १८६३ साली खुला झाला आणि सुमारे दोन हजार फूट उंचीवरील लोणावळे हे रेल्वेचे गाव बनले. रेल्वेच्या नोकरीतील युरोपियन व अँग्लो-इंडियन कुटुंबांत मेथडिस्ट पंथाचा प्रसार १८७१ नंतर विल्यम टेलर ह्यांच्या व्याख्यानांपासून झाला होता. त्या पंथाच्या पुढाकाराने लोणावळ्यास उन्हाळ्यात छावणी-सभा भरू लागल्या. ही संस्था मूळची अमेरिकेच्या सरहद्दीवरची. केंटकी प्रांतातील केन रिज येथे ऑगस्ट १८०१ मध्ये भरलेली प्रचंड सभा हा तिचा आरंभ समजतात. मका निंदून झाला आहे, कापणीस अवकाश आहे, अशा मधल्या दिवसांत दूरदूरचे शेतकरी गाड्या घेऊन यावेत, रानात राहावे, आठवडाभर प्रवचने ऐकावीत, गावी, रडावीत आणि परत जावे, असा तो प्रकार होता. म्हणजे तीही एका अर्थी शेतकऱ्याची जत्राच. तिचा ऑगस्ट आणि आपला चैत्र हे शेतीच्या हिशेबाने एकाच जागी येतात. लोणावळ्यापासून हाकेच्या अंतरावर कार्ल्याच्या लेण्यापाशी एकवीरेची यात्रा चैत्रातच भरते. मुंबई-ठाण्याचे कोळी व आगरी ज्या घाटमार्गाने यात्रेस येत, त्याच घाटमार्गाने, थोड्याच दिवसांच्या फरकाने, मेथडिस्ट कुटुंबे बायबल व बिछाना घेऊन उतरत. दोन्ही समूहांना परस्परांचे साम्य जाणवले असेल, असे मात्र मानण्याचे कारण नाही.

ह्या सभा मुख्यतः इंग्रजी जाणणाऱ्यांच्या असत. त्यांना मराठी इतिहासात स्थान मिळाले ते पंडिता रमाबाईंमुळे. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, ही त्याची जाहीर भूमिका होती. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात ह्यावरून वाद माजला आणि १८९३ साली रानडे, भांडारकर ह्यांनी सल्लागार ह्या नात्याने दिलेला पाठिंबा काढून घेतला. १८९५ च्या अखेरीस सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला. त्याच सुमारास, सुटीच्या दिवसांत, रमाबाई ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारलेल्या आपल्या पंधरा मुलींना घेऊन लोणावळ्याच्या छावणी-सभेस गेल्या.

त्या सभेतील एक प्रसंग रमाबाईंनी पुढे लिहून ठेवला आहे. एके सकाळी त्या सूर्योदयापूर्वी एकट्याच रानात गेल्या. बरोबर आणलेल्या पंधरा मुलींचे समाधान मनात होते. तेथे त्यांनी अशी प्रार्थना केली, की ह्या संख्येचा वर्ग व्हावा. पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस. एवढ्या मुली त्या वेळी सदनात नव्हत्या, ठेवावयास जागाही नव्हती. गणिती भाषेतील ही प्रार्थना वाचताना आजचा वाचक किंचित थबकतो. परंतु ज्यांच्या आईने मुलीस घरीच संस्कृत शिकविले आणि ज्यांना हजारो श्लोक मुखोद्गत होते, त्या बाईंच्या मनाची घडण मोजून-मापून पाठ करण्याचीच होती. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या दुष्काळात रमाबाईंनी आईवडील गमावले त्याची स्मृती त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांच्या आश्रयास आल्या. दोनशे पंचविसाचा आकडा असा ओलांडला गेला.

येथे प्रश्न उपस्थित होतो तो आकड्याचा नव्हे, संमतीचा. सुटीत मुलांना घराबाहेर, शाळेबाहेर, निराळ्या हवेत नेणे हे उन्हाळी कार्याचे मर्म आहे. रोजचा क्रम सुटतो म्हणूनच मन वळते. पण जे मन वळण्यास अनुकूल असते ते मन कोणाच्या स्वाधीन आहे, हा प्रश्न १८९३ च्या वादात केंद्रस्थानी होता. पुण्याच्या सुधारकांचे म्हणणे असे, की पालकांनी मुली शिक्षणासाठी पाठविल्या, धर्मासाठी नव्हे. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कोणासही ओढीत नाही, पण माझ्या खोलीचे दार लावूनही घेणार नाही. दोन्ही बाजूंस वजन आहे. इतके मात्र म्हणावेसे वाटते, की पंधरा मुलींना लोणावळ्यास नेणाऱ्या बाईंनी त्या मुलींना स्वतःचे मत असू शकते हे गृहीत धरले होते. आणि त्या काळच्या विधवा मुलींच्या बाबतीत हे गृहीत धरणारे लोक दोन्ही पक्षांत थोडेच होते.

दुष्काळग्रस्त मुलींना पुण्यात ठेवता येईना. १८९७ च्या पूर्वार्धात तेथे प्लेगचा कहर होता आणि रँडसाहेबांची तपासणी चालू होती. रमाबाईंनी केडगावच्या माळावर मुली हलविल्या. तेथे त्यांची सुमारे शंभर एकर जमीन होती. तंबूत व कच्च्या छपराखाली, भर उन्हाळ्यात, 'मुक्ती'चा आरंभ झाला. ह्या ठिकाणी एका शब्दाचा विचार करण्याचा मोह आवरत नाही. त्या वर्षी पुण्यात 'कॅम्प' म्हणजे लष्कराची वस्ती, 'कॅम्प' म्हणजे प्लेगच्या संशयितांस डांबण्याची जागा, आणि मिशनच्या मंडळींत 'कॅम्प' म्हणजे लोणावळ्याची आनंदाची सभा. मराठीत ह्या तिन्हींस 'छावणी' हा एकच शब्द उपलब्ध होता. छावणी हा शब्द छप्पर घालण्याच्या क्रियेशी जोडलेला आहे, आणि मराठेशाहीत फौजेची छावणी होई ती पावसाळ्यात. दसऱ्यास सीमोल्लंघन करून मुलूखगिरीस निघावयाचे तोवर चार महिने छपराखाली काढावयाचे. म्हणजे आपली छावणी पावसाची आणि इंग्रजी कॅम्प उन्हातला. प्लेगनंतर ह्या शब्दास जी भीतीची छटा आली, ती पुढे चांगल्या अर्थाच्या मेळाव्यास नको होती, असे अनुमान करण्यास जागा आहे. कारणे काही असोत, विसाव्या शतकात युवकांच्या मेळाव्यास 'शिबिर' हा संस्कृत शब्द रूढ झाला. तोही मूळचा सैन्यतळाचाच, परंतु बोलीत नसल्यामुळे त्यास कसलाही वास नव्हता.

केडगावास पुढे १९०० च्या दुष्काळानंतर मुलींची व स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. १९०५ च्या आरंभी तेथे प्रार्थनेसाठी मुलींचे गट निघाले आणि जूनच्या अखेरीस, पावसाळ्याच्या तोंडाशी, प्रसिद्ध धर्मजागृती झाली. वेल्समध्ये आदल्या वर्षी झालेल्या जागृतीचे वर्तमान तेथवर पोचले होते. जागृतीनंतर मुली टोळ्या करून आसपासच्या गावी उपदेशास जाऊ लागल्या. ज्यांना दहा वर्षांपूर्वी कोणी तरी सभेस नेले होते, त्यांची पाठची पिढी आता स्वतः सभा भरवू लागली, हा फरक लक्षणीय आहे. रमाबाई मात्र ह्याच काळात दुसऱ्या कामास बसल्या: हिब्रू व ग्रीक मुळावरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर. हिंदू देवधर्माचा संस्कार असलेले शब्द टाळावेत, आणि अल्पशिक्षित बाईस वाचता येईल असे वाक्य असावे, हे त्यांचे दोन नियम. पहिला नियम वादग्रस्त आहे. धर्मकल्पनांना कोरे शब्द कोठून आणावयाचे? टिळकांचा मार्ग नेमका उलट होता, आणि मराठी कान टिळकांच्याच बाजूस गेला. दुसऱ्या नियमाचे मोल मात्र कमी होत नाही. खिळे जुळविण्याचे काम मुक्तीतील स्त्रियांनीच केले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

ह्यानंतरची हकीकत बरीचशी संस्थांची आहे आणि ती थोडक्यात आटोपता येईल. वेल्समधील लँडडनोच्या किनाऱ्यावर १८६८ च्या उन्हाळ्यात जोसाया स्पायर्स ह्यांनी सुटीस आलेल्या मुलांना वाळूत देवाचे वचन लिहावयास लावले. त्यातून निघालेली चळवळ स्क्रिप्चर युनियनच्या रूपाने १८९६ साली भारतात आली. मुंबईत वाय. एम. सी. ए. १८७५ पासून होती. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत १८९८ साली इलायझा हॉज ह्या बाईंनी सुटीतील मुलांसाठी दारूच्या गुत्त्याची जागा भाड्याने घेऊन बायबलचे वर्ग चालविले आणि १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल ह्यांनी त्यास चळवळीचे रूप दिले. शहरात शाळा बंद झाल्या की मुले रस्त्यावर येतात, ही त्यामागील चिंता. ही 'व्हेकेशन बायबल स्कूल'ची पद्धती मराठी मंडळ्यांत आली ती एप्रिल-मेच्या सुटीत बसविली गेली: आठ-दहा दिवस, सकाळच्या वेळी, हावभावांची गाणी, पाठ करावयाची वचने, चित्रे, शेवटी पालकांसमोर कार्यक्रम.

भाषेच्या अभ्यासकास ह्यात एक गोष्ट खटकते. 'संडे स्कूल' आले तेव्हा त्याचे 'शब्बाथशाळा' झाले आणि तो शब्द मंडळीत मुरला. ह्या नव्या शाळेस मात्र मराठी नाव चिकटलेच नाही, ती 'व्ही. बी. एस.' ह्या तीन आद्याक्षरांनीच ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकातील मंडळी परकी वस्तू घेताना तिला घरचे नाव देण्याचा खटाटोप करी. विसाव्या शतकातील मंडळीस त्याची गरज वाटेनाशी झाली. वस्तू उपयोगी पडली, गाणीही अनुवादित झाली. पण अनुवादित गाण्यास परक्या चालीचे माप लावावे लागते, आणि मराठी शब्दाची ऱ्हस्वदीर्घता त्या मापात अवघडते. मूल ते गाणे आनंदाने म्हणते. मात्र मोठेपणी ते त्याच्या तोंडी राहते असा अनुभव क्वचित. टिळकांची भजने राहतात.

कॅथलिक बाजूस वळण निराळे पडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेस वाट करून दिली, आणि वसईने मराठीची निवड केली. ही निवड वाटते तितकी स्वाभाविक नव्हती. वसईच्या ख्रिस्ती समाजात घरी सामवेदी किंवा कादोडी, वाडवळी अशा बोली. देवळात तोवर लॅटिन. मुंबईशी व्यवहार इंग्रजीत. ह्यांत प्रमाण मराठी ही तशी शाळेची भाषा होती. तरीही मराठी उपासना, मराठी गीते, 'सुवार्ता'सारखे मासिक ह्यांच्या साहाय्याने दोन-तीन पिढ्यांत ती श्रद्धेची भाषा झाली, आणि त्या मातीतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्यासारखे लेखक निघाले. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते वारले. बायबल सोप्या मराठीत यावे हा केडगावचा हेतू, रमाबाईंनी घातलेली शब्दांची सोवळी बाजूस ठेवून, असा वसईत सिद्धीस गेला.

वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ साली झाला. त्याच सुमारास इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे ओढा वाढत चालला होता. मूल वर्षभर इंग्रजीत शिकते, घरी आजीशी बोलीत बोलते, आणि मराठी त्याच्या वाट्यास मुख्यतः देवळात येते. अशा स्थितीत मे महिन्याची सुटी हा केवळ मन रमविण्याचा किंवा सद्वर्तन शिकविण्याचा काळ राहत नाही. आजोळी, वाडीत, क्रुसापाशी म्हटलेली प्रार्थना कोणत्या भाषेत म्हटली जाते, ह्यावर पुढील पिढी आपल्या आजीशी कोणत्या भाषेत दुःख बोलेल हे ठरते. उन्हाळी वर्ग सोयीसाठी इंग्रजीत घेण्याकडे कल होणे स्वाभाविक आहे. शिकविणारे तरुण स्वतःच त्या माध्यमातून आलेले असतात. परंतु गिमरांइशच्या पुराणाने शाळेवाचून जे काम केले ते शाळेची भाषा उचलून होणारे नव्हते, एवढे इतिहास दाखवितो.

आणि शेवटी सुटी कोणास असते, हाही प्रश्न आहेच. न्यूयॉर्कच्या बाईंपुढे जी मुले होती ती शाळा बंद झाल्यामुळे मोकळी झालेली होती. ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात विसाव्या शतकाच्या आरंभापासून चर्च ऑफ द ब्रदरन ह्या अमेरिकन मिशनने डहाणू, वाडा, पालघर येथे शाळा व वसतिगृहे चालविली. वसतिगृहातील वारली मुलगा एप्रिलात घरी जाई तेव्हा त्याची माणसे जंगलाच्या कुपात लाकूडतोडीस किंवा गवताच्या कामास गेलेली असत, आणि तोही त्यांच्यामागे जाई. कोरडा ऋतू हाच मजुरीचा ऋतू. मोकळे दिवस पावसानंतर, तेही उपासमारीचे. गणेशपुरीच्या आसमंतात कुपांची जागा पुढे वीटभट्ट्यांनी घेतली. भिवंडी-वसईच्या भट्ट्या दिवाळीनंतर पेटतात आणि पावसाळा लागेपर्यंत चालतात. कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह तेथेच, भोंगा म्हणतात त्या तात्पुरत्या खोपटात राहतात. चैत्रात वज्रेश्वरीच्या जत्रेस रांगा लागतात तेव्हा ही मुले विटा उलटीत असतात. त्यांच्यासाठी गणेशपुरीजवळच्या उसगाव येथील विधायक संसद ह्या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात शाळा काढल्या. त्या कोणत्याही चर्चच्या नव्हत्या आणि सुटीच्याही नव्हत्या. भट्टीवरच, मजुरांच्या खोपटांलगत, त्या भरत, म्हणून त्यांस 'भोंगाशाळा' म्हणू लागले. पहिल्या पावसाबरोबर भट्टी विझली की मजुरांबरोबर शाळाही उठत असे.